एसी-हीटिंगचा कॉन्ट्रॅक्टर निवडताना त्याच्या हातात काय आहे ते बघा

तुम्ही लिहिलंय की घराला थंड आणि गरम दोन्ही करणारी सिस्टिम बसवायचीय, तीन जणांना बोलावलं, पहिला दारातूनच खोलीत डोकावून दीड टन म्हणाला, दुसरा म्हणाला दोन टनाशिवाय भागणारच नाही, तिसऱ्याने सगळ्या घराला डक्टिंग (एका मशीनची हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या मोठ्या नळ्या) करा म्हणून सांगितलं, तिघांचे आकडे वेगळे आणि तिघंही तितक्याच खात्रीने बोलतायत, मग विश्वास ठेवायचा कुणावर. मी २२ वर्षं याच कामात आहे, हेल्पर म्हणून सुरुवात केली, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत, त्यामुळे जे आतून बघितलंय ते सांगतो, जरा लांबेल.

माझं सरळ म्हणणं असं की माणूस किती गोड बोलतो किंवा गाडीवर केवढं नाव रंगवलंय यावर जाऊ नका, तो तुमच्या घरात येऊन काय मोजतो ते बघा. आकडा सांगायच्या आधी खिशातून टेप निघाला का? लांबी-रुंदी सगळेच बघतात, पण छताची उंची घेतली का, वर दुसरा मजला आहे की उन्हात तापणारा उघडा स्लॅब, खिडक्या कुठल्या दिशेला, काच सिंगल की डबल, दुपारचं ऊन कुठपर्यंत आत येतं, खोलीत रोज किती माणसं बसतात, कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो का, हे ज्याने विचारलं तो हिशोब करणारा माणूस आहे. एक माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, उन्हातली काच दर चौरस मीटरला काहीशे वॉट आत आणते, म्हणजे एकाच मापाच्या दोन खोल्या असल्या, एक मधल्या मजल्यावर सावलीतली आणि दुसरी वरच्या मजल्यावर पश्चिमेला मोठी काच असलेली, तर दोघींना सारखंच मशीन चालणार नाही. इतक्या स्क्वेअर फुटाला इतका टन हा ठोकताळा फोनवर अंदाज द्यायला ठीक आहे, त्यावर ऑर्डर देऊ नये.

टन म्हणजे काय हेही एकदा समजून घ्या कारण त्यातच बरेच जण फसतात. पूर्वी थंडावा बर्फावर मोजायचे, एक अमेरिकन टन म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे १ टन, तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), किंवा साधारण ३.५ किलोवॅट. आता लोक विचारतात मोठं घेतलं तर बिघडलं कुठे. कच्च्या कॉन्ट्रॅक्टरला ते सोयीचंच असतं, कारण मोठ्या मशीनवर "थंड होत नाही" अशी तक्रार येत नाही. पण मशीन दोन कामं करतं, हवा गार करतं आणि हवेतला ओलावा कॉइलवर जमवून ड्रेनमधून बाहेर घालवतं, आणि हे दुसरं काम व्हायला मशीन सलग चालावं लागतं. गरजेपेक्षा मोठं मशीन पाच-सात मिनिटांत सेट केलेलं टेंपरेचर गाठतं आणि थांबतं, ओलावा आतच, मग खोली गार असते पण अंग चिकट, आणि माणूस रिमोट अजून खाली करतो. इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा स्पीड गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारं मशीन) असलं तरी त्यालाही खाली यायची एक मर्यादा असते, त्याखाली तेही चालू-बंद चालू-बंद करत बसतं.

ही चूक मी स्वतः केलीये. धंद्यात नवीन होतो, एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला की दीडच्या जागी दोनच लावा, मी समजावून सांगायचं सोडून लावून दिलं. दमट दिवस आले तशी त्यांच्या कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरली आणि त्या खोलीत दम्याचं लहान मूल झोपायचं. मशीन मी काढून बदलून दिलं पण त्या मुलाचा खोकला अजून आठवतो. तेव्हापासून मी नाही म्हणायला शिकलो, आणि तुम्हालाही सांगतो, जो कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला एखाद्या गोष्टीला स्पष्ट नाही म्हणतो, किंवा "आधी त्या खिडकीला बाहेरून सावली करा, फटी बुजवा, मग लहान मशीनमध्ये भागेल" असं म्हणतो, त्याचा नंबर जपून ठेवा, तो स्वतःची विक्री कमी करून तुम्हाला खरं सांगतोय.

तुम्हाला हीटिंगही हवंय म्हणून एक प्रश्न देतो, तो तिघांनाही विचारा: "आमच्याकडच्या सगळ्यात थंड रात्री हे मशीन किती गरमी देईल?" कॅटलॉगमध्ये छापलेली हीटिंगची क्षमता ही बाहेर ७ अंश सेल्सियस असताना मोजलेली असते आणि कूलिंगची बाहेर ३५ असताना. बाहेरचं तापमान जसं खाली जातं तशी हीट पंपची (बाहेरची उष्णता ओढून आत आणणाऱ्या अशा मशीनची) ताकद कमी होत जाते, आणि गरज नेमकी तेव्हाच वाढते. जाणकार माणूस कंपनीचा टेबल उघडून दाखवेल की शून्याला इतकं, उणे सातला इतकं. ज्याला प्रश्नच कळला नाही किंवा "काही काळजी करू नका मस्त गरम होतं" म्हणाला त्याने कधी टेबल बघितलेलाच नाही. आणि थंडीत चालताना आउटडोअरवर (मशीनच्या घराबाहेरच्या भागावर) बर्फ जमतो, तो वितळवायला मशीन मधेच काही मिनिटं उलटं फिरतं, आतला पंखा थांबतो, बाहेर पांढरी वाफ निघते, ते डीफ्रॉस्ट आहे, बिघाड नाही. याला बिघाड म्हणून पैसे घेणारे मी बघितलेत.

आता गॅस. हा विषय मी थोडा जास्त लांबवतोय कारण सगळ्यात जास्त लुबाडणूक इथे होते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाईपमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो, कधी द्रव, कधी वायू. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, दुसरी शक्यताच नाही, त्यामुळे "दर वर्षी गॅस भरायला लागतो साहेब" हे वाक्य जो बोलतो त्याला त्याच दिवशी नमस्कार करा. माझ्याकडे एक आजी-आजोबांचं काम आलं होतं, चार वर्षं दर उन्हाळ्याला कुणीतरी येऊन गॅस भरून जायचा आणि पावती सोडून जायचा, आणि आजोबा बिचारे पावत्या फाईलला लावून ठेवायचे. मी गेलो, आउटडोअरचं कव्हर काढलं तर फ्लेअर नटच्या (पाईपाचं पसरट केलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळणारा नट) खाली तेलकट काळा डाग, त्यावर धूळ बसलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेल पण फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाची खूण राहते, हे पहिल्या वर्षी शिकवतात. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, फ्लेअर कापून नवीन केला, विषय संपला. चार वेळा आलेल्या माणसाला तो डाग दिसला नसेल असं मला वाटत नाही. आजोबांनी ती फाईल माझ्यासमोर बंद केली तेव्हा माझ्याच धंद्याची मला लाज वाटली, खरं सांगतो.

म्हणून गॅस भरायला कुणी आला तर दोन गोष्टी बघा. एक, भरायच्या आधी गळती शोधतोय का, म्हणजे साबणाचं पाणी, लीक डिटेक्टर, किंवा नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघणं. दुसरं, वजनकाटा आणलाय का. आउटडोअरच्या नेमप्लेटवर गॅस किती ग्रॅम हे लिहिलेलं असतं आणि पाईप ठराविक लांबीच्या वर गेला तर मीटरमागे किती वाढवायचा हे मॅन्युअलमध्ये असतं, तेव्हा उरलेला जुना गॅस काढून घेऊन, व्हॅक्यूम करून (पाईपमधली हवा पंपाने ओढून काढून), काट्यावर सिलिंडर ठेवून मोजून भरणं हीच पद्धत. नुसतं गेज लावून "प्रेशर आलं, झालं" हे इन्व्हर्टर मशीनला चालत नाही कारण कॉम्प्रेसरचा स्पीड बदलला की प्रेशर बदलतं. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्यालाही थांबवा. आर-२२, म्हणजे जुन्या एसीतला गॅस, ओझोनच्या थराला खातो, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर असले गॅस टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं ते त्यामुळेच, आणि त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला काही करत नसला तरी एक किलो सोडला तर हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण दोन टनांइतका पडतो. आर-३२ चा एक किलो ६७५ किलोंइतका पडतो, म्हणजे एक तृतीयांश, पण तो थोडासा पेट घेऊ शकतो, आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. "तुम्ही या गॅसचं ट्रेनिंग घेतलंय का, सर्टिफिकेट आहे का" हे विचारताना अजिबात संकोच करू नका, खोलीत बिडी ओढत ओढत आर-३२ चा पाईप खोलणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय.

नवीन मशीन बसवताना सगळ्यात जास्त चोरी होते ती व्हॅक्यूमची, कारण ती दिसत नाही. पाईप जोडल्यावर आत हवा असते आणि हवेत पाण्याची वाफ. ती पंपाने ओढून काढायची असते. घाईतला माणूस काय करतो, आउटडोअरचा व्हॉल्व्ह दोन सेकंद उघडतो, मशीनमधलाच गॅस पुढे ढकलतो, दुसऱ्या बाजूने फुस्स करून हवा गेली की नट आवळतो, दहा मिनिटं वाचली. मशीन त्या दिवशी मस्त चालतं. पण नवीन गॅसबरोबर जे तेल वापरतात ते ओलावा धरून ठेवतं, त्यातून हळूहळू ॲसिड तयार होतं आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसरची वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) खातं, तेव्हा बसवणाऱ्याला कुणी दोष देत नाही, सगळे कंपनीला शिव्या घालतात. नीट काम म्हणजे पंप लावून पाईपमधलं प्रेशर ५०० मायक्रॉनपर्यंत खाली आणणं (बाहेरच्या हवेचं प्रेशर ७,६०,००० मायक्रॉन असतं, म्हणजे बघा किती खाली), मग पंप बंद करून दहा मिनिटं गेजकडे बघत बसणं, आकडा चढत गेला तर गळती किंवा ओलावा आहे. त्याआधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट. फक्त नायट्रोजन. कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन प्रेशर टेस्ट करायला आला तर त्याला काम सुरूच करू देऊ नका, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, या चुकीने माणसं मेलीयेत.

तुमच्याकडे घर गरम करायला गॅसवर चालणारी भट्टी किंवा बॉयलर असेल तर तिथे फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. एक जण येतो आणि घाबरवतो, हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला किंवा पाण्याला देणाऱ्या भागाला) चीर आहे, आज रात्री चालवलंत तर सगळे मराल, इथे सही करा. दुसरा फिल्टर बदलून निघून जातो आणि ज्वलनाकडे बघतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, त्यामुळे चीर असेल तर धोका खरा आहे, पण मग त्याने कॅमेऱ्याने फोटो दाखवावा आणि धुराड्यातला वायू ॲनालायझरने मोजून कागद हातात द्यावा. दाखवलं तर भट्टी बंद ठेवा आणि दुसऱ्या माणसाकडून लगेच तपासून घ्या, नाही दाखवलं तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ असलाच पाहिजे, यात काटकसर नको.

दुरुस्तीतही तेच. "कॉम्प्रेसर गेला" हे ऐकल्यावर घरातल्यांचा चेहरा उतरतो, आणि उतरलेल्या चेहऱ्याकडून होकार पटकन मिळतो. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा नुसता कॅपॅसिटर (मोटर चालू व्हायला मदत करणारा छोटा पार्ट) गेलेला असतो. त्याच्यावर मायक्रोफॅरॅडचा आकडा छापलेला असतो, मीटरने मोजला की अर्ध्या मिनिटात कळतं. (स्वतः हात लावू नका, लाईन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो.) कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर वाइंडिंगचे रीडिंग, बॉडीला करंट उतरतोय का, हे तो मोजून लिहून देऊ शकतो. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

कोटेशनचं थोडक्यात. इनडोअर आणि आउटडोअर दोन्हीचे पूर्ण मॉडेल नंबर, कॉपर पाईप किती मीटर आणि किती जाडीचा, दोन्ही पाईपांना वेगवेगळं इन्सुलेशन, वायर कुठल्या साइजची, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग, स्टँड, ड्रेन कुठे सोडणार, भिंतीला भोक कोण पाडणार आणि बुजवणार कोण, आणि वॉरंटी कंपनीची किती नि त्याच्या स्वतःच्या कामाची किती. कंपनीच्या वॉरंटीत बहुतेक वेळा कॉम्प्रेसरची मुदत वेगळी असते, बोर्डाची वेगळी, आणि चुकीच्या फिटिंगने काही गेलं तर कंपनी हात वर करते, म्हणून कामाची वॉरंटी लेखी पाहिजे. सगळ्यात स्वस्त कोटेशन आलं तर तो चोर आहे असं नाही, पण त्याला विचारा की वर सांगितलेल्यापैकी काय काय त्यात धरलेलं नाही.

तुमच्या तिसऱ्या माणसाचं डक्टिंग चूक आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्याला विचारा रिटर्नची हवा (खोल्यांतून मशीनकडे परत येणारी) कुठून घेणार, प्रत्येक खोलीला किती हवा सोडणार, डक्टचे जोड कशाने सील करणार, आणि काम झाल्यावर स्टॅटिक प्रेशर (डक्टमधल्या हवेचा दाब) मोजून दाखवणार का. डक्ट तापलेल्या माळ्यावरून जात असेल आणि जोड गळके असतील तर तुम्ही पैसे भरून माळा थंड करत राहाल. या चार प्रश्नांना उत्तरं असली तर माणूस कामाचा आहे.

संदर्भ मागताना एक युक्ती करा. मागच्या महिन्यात काम केलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर घेऊन उपयोग नाही, तेव्हा सगळ्यांचंच मशीन थंड करतं. तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्याचा नंबर मागा आणि त्यांना विचारा, गॅस कधी भरावा लागला का, ड्रेनचं पाणी भिंतीत उतरलं का, आणि तक्रार केल्यावर हा माणूस फोन उचलत होता का. वाईट फिटिंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलायला लागतं. तुमच्या भागात जो परवाना लागतो तो बघा, पण झेरॉक्सवर समाधान न मानता ज्यांनी दिला त्यांच्याकडूनच खात्री करा, आणि कामगारांचा अपघात विमा आहे का ते विचारा.

विम्यावरून आठवलं, आउटडोअर कुठे लावणार हे ठरवताना मी अजून एक गोष्ट बघतो. जागा अशी पाहिजे की गरम हवा अडून परत त्यातच जाणार नाही, आणि पुढची १० वर्षं सर्व्हिस करायला माणूस तिथे सुरक्षित पोचेल. काही जण कुठेही भिंतीला लटकवतात आणि बसवायला सतरा-अठराच्या पोराला कमरेला पट्टा न बांधता खिडकीच्या बाहेर उभं करतात. जो आपल्या पोराचा जीव सांभाळत नाही तो तुमच्या फ्लेअर नटला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) लावेल का? मी एका ठिकाणी असाच पडलेला मुलगा बघितलाय, वाचला, पण पाय गेला. पट्टा नसेल तर काम थांबवा, तुमचं घर आहे, तुम्हाला तो हक्क आहे.

पैसे सगळे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता मशीन चालवून रीडिंग घेतल्यावर. कूलिंगला १५-२० मिनिटं चालल्यावर आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक यायला हवा, हवेत फार दमटपणा असेल तर थोडा कमी येतो. क्लॅम्प मीटरने करंट मोजून नेमप्लेटशी जुळवायचा, ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते ड्रेनमधून बाहेर येतंय का बघायचं. आणि हीटिंग चालवून बघायचं, हे हमखास राहतं कारण फिटिंग बहुतेक उन्हाळ्यात होतं, बाहेर फार गरम असलं की मशीन हीटिंगवर नीट चालतही नाही. तेव्हा कागदावर लिहून घ्या की थंडी पडल्यावर येऊन हीटिंग तपासून देणार, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आता पहिल्या दोघांना परत फोन करा आणि म्हणा, येऊन मोजून जा, हिशोब कागदावर द्या, आणि व्हॅक्यूमचं रीडिंग मला दाखवणार का ते आधी सांगा. मी माझ्या माणसांना सांगून ठेवलंय की मायक्रॉन गेज गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवायचं आणि आकडा त्यालाच वाचायला लावायचा, आमची दहा मिनिटं जातात पण परत बोलावणं येत नाही. ज्याला तुम्ही त्या वेळी शेजारी उभं राहिलेलं आवडत नाही त्याला काम देऊ नका. दोघांपैकी एकही तयार झाला नाही तर चौथा शोधा, आठवडाभर पंख्यावर काढावा लागला तरी चालेल.